अंडी दोन, वाट्या चार : जपानी घरातला रोजचा स्वयंपाक

कोंबडी आपल्या दारात आणि अंडी मात्र बाजारात, हे चित्र आपल्या खेड्यांत नवे नाही. आठवड्याच्या बाजाराला घरधनीण टोपलीत भुसा घालून अंडी घेऊन निघते. त्या पैशातून तेल-मीठ येते, साबण येतो, पोरांच्या वह्या येतात. "घरी खायला काही ठेवत नाही का?" असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "दोन अंड्यांत सहा माणसांचं काय भागणार, साहेब?"

प्रश्न रास्त आहे. मात्र या प्रश्नाचे एक चांगले उत्तर जपानमधील गृहिणींनी आपल्या रोजच्या स्वयंपाकातून दिलेले आहे. जपानी माणूस आज वर्षाला सव्वातीनशेच्या आसपास अंडी खातो. म्हणजे जवळजवळ रोज एक. अंडी खाण्यात मेक्सिकोबरोबर जपानचे नाव जगात वरच्या रांगेत असते. आपल्या देशात 2023-24 साली माणशी 103 अंडी उपलब्ध होती. हा फरक नुसत्या श्रीमंतीचा आहे असे समजू नये. अंडे थोडे आणि खाणारी तोंडे जास्त, हा अनुभव जपाननेही भरपूर घेतला आहे. त्यातूनच तेथील स्वयंपाकघरात अंडे पुरवून वापरण्याची हातोटी तयार झाली. ती आपल्या गृहिणींनी समजून घेण्यासारखी आहे.

पाहुण्याचे आणि आजाऱ्याचे अंडे

जपानमध्ये कोंबडी फार जुन्या काळापासून पाळली जाते, पण तिचे मुख्य काम पहाटे आरवून वेळ सांगण्याचे होते. इसवी सन 675 मध्ये सम्राट तेम्मू यांनी शेतीच्या हंगामात गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी घातली. पुढे कित्येक शतके लोक अंडीही फारशी खात नसत. सतराव्या शतकानंतर हळूहळू अंडी स्वयंपाकात रुळली. 1785 साली तर अंड्यांच्या पाककृतींचा मोठा संग्रह असलेले पुस्तकच तेथे छापले गेले.

तरीही सामान्य शेतकऱ्याच्या घरी अंडे रोजचे नव्हते. दारातल्या पाच-दहा कोंबड्यांची अंडी विकायची, एखादे आजाऱ्याला द्यायचे, पाहुणा आला तर त्याच्या पानात वाढायचे, अशी रीत होती. कोणी अंथरुणाला खिळले की भेटायला जाताना अंडी नेत. भाताच्या तुसात अंडी भरून ती गावोगाव पाठवत. काही भागांत भाताचा पेंढा वळून त्यात पाच अंडी एकाखाली एक अशी बांधत. एकही अंडे न फुटता ती बाजारापर्यंत जात. आपल्या भातपट्ट्यातील वाचकांना तूस आणि पेंढा यांचा हा उपयोग लगेच पटेल.

खरा पालट दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. 1950 च्या दशकात घाऊक बाजारात अंड्यांचा भाव किलोला 200 येनच्या आसपास होता आणि त्या काळच्या मजुरीच्या मानाने तो फार मोठा होता. पुढे सुधारित जातीच्या कोंबड्या, संतुलित खाद्य आणि मोठी कुक्कुटपालन केंद्रे आली. साठ वर्षांनंतरही भाव त्याच घरात होता, मजुरी मात्र कितीतरी पटींनी वाढली होती. त्यामुळे जपानी लोक अंड्याला कौतुकाने 'भावाच्या बाबतीतला गुणी विद्यार्थी' म्हणतात. 1960 च्या दशकात तेथील मुलांच्या तीन आवडत्या गोष्टी म्हणून एक वाक्य सर्वांच्या तोंडी होते : जायंट्स हा बेसबॉलचा संघ, ताइहो हा सुमो पहिलवान आणि तिसरे म्हणजे गुंडाळून केलेली अंड्याची पोळी.

तामागोयाकी : गुंडाळलेली पोळी

जपानी भाषेत अंड्याला 'तामागो' म्हणतात आणि या पोळीला 'तामागोयाकी'. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डब्यात भाताशेजारी हिचे दोन पिवळे तुकडे नसले तर डबा अपुरा वाटतो. टोकियोच्या बाजूला ही पोळी साखर घालून गोडसर करतात. ओसाका-क्योतो भागात साखर कमी आणि 'दाशी' जास्त असते.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया. कोम्बू हे समुद्रातील वाळवलेले शेवाळ आणि धुरावून लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचे पातळ काप यांचे पाणी काढून दाशी तयार होते. आपल्याकडे त्याऐवजी कोंबडीचे अळणी पाणी किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी घ्यावे. चव वेगळी लागेल, पण कृती बिघडणार नाही. दुसरी वस्तू सोया सॉस. सोयाबीन व गहू आंबवून, मिठाच्या पाण्यात मुरवून काढलेला हा काळसर खारट रस आता तालुक्याच्या किराणा दुकानातही मिळतो. तो खारट असल्याने मीठ बेताने घालावे.

तीन अंडी फोडून त्यांत तीन मोठे चमचे अळणी पाणी, एक-दोन लहान चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि सोया सॉसचे चार थेंब घालावेत. अंडी ढवळताना फेस येऊ देऊ नये. जपानी गृहिणी खाण्याच्या काड्या भांड्याच्या तळाशी टेकवून आडव्या फिरवते आणि पांढरा भाग कापल्यासारखा मोडते. आपण काट्याने तसेच करावे.

यासाठी तेथे चौकोनी तवा असतो. आपला लहान तवाही चालतो, फक्त कडा आत मोडून घ्याव्या लागतात. मध्यम आचेवर तव्याला तेलाचा बोळा फिरवावा आणि मिश्रणाचा तिसरा भाग ओतावा. वरून ओलसर असतानाच पलीकडून आपल्याकडे गुंडाळत आणावे. ती गुंडाळी पलीकडे सरकवून पुन्हा तेल फिरवावे व दुसरा भाग ओतावा. या वेळी गुंडाळी जरा उचलून मिश्रण तिच्याखालीही जाऊ द्यावे, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटतो. पुन्हा गुंडाळावे. तिसरा थर तसाच. शेवटी मंद आचेवर सर्व बाजूंनी दाबून आतपर्यंत शिजवावे. जरा निवल्यावर बोटभर जाडीच्या वड्या कापाव्यात.

पहिल्या वेळी पोळी फाटेल. त्याची काळजी करू नये, कारण शेवटचा थर आधीचे सर्व दोष झाकतो. तीन अंड्यांच्या सात-आठ वड्या होतात आणि चार मुलांच्या डब्यांत दोन-दोन जातात. डब्यात भरायची पोळी पूर्ण शिजलेली व पूर्ण निवालेली असावी. गरम भरून झाकण लावले तर वाफेचे पाणी सुटते आणि उन्हाळ्यात पदार्थ आंबतो.

चावानमुशी : वाफेवरचे अंडे

आता मथळ्यातील हिशेब पाहू. 'चावान' म्हणजे कप किंवा वाटी आणि 'मुशी' म्हणजे वाफवलेले. दोन अंड्यांचा आतला भाग साधारण 100 मिलिलिटर भरतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे 300 मिलिलिटर दाशी त्यात मिसळायची. झाल्या चार वाट्या. पदार्थ तिखटमिठाच्या खरवसासारखा दिसतो, पण त्याहून हलका असतो. म्हाताऱ्या माणसाला दात नसले तरी खाता येतो.

अळणी पाणी पूर्ण गार झालेले असावे. गरम घातले तर अंड्याच्या गुठळ्या होतात. त्यात अंडी, पाव ते अर्धा लहान चमचा मीठ व एक लहान चमचा सोया सॉस घालून मिश्रण गाळून घ्यावे. मीठ विसरू नये. ते केवळ चवीपुरते नाही, मिठाशिवाय इतके पातळ केलेले अंडे नीट घट्ट होत नाही. प्रत्येक वाटीत शिजवलेल्या कोंबडीचे दोन तुकडे, गाजराची चकती, वाटाणे, असेल तर अळंबी घालून वर मिश्रण ओतावे. जपानमध्ये कोळंबी आणि गिंको झाडाची बीही घालतात.

इडलीपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात पाणी उकळून वाट्या आत ठेवाव्यात. पहिली दोन-तीन मिनिटे आच मोठी ठेवावी. वरचा भाग पांढुरका दिसू लागला की आच एकदम मंद करून झाकण किंचित उघडे राहील असे एक लाकडी काडी मध्ये धरावी. असे दहा-बारा मिनिटे ठेवावे. झाकणाला फडके बांधले तर वाफेचे थेंब वाटीत पडत नाहीत. काडी टोचून पाहावी. स्वच्छ पाणी वर आले तर झाले, गढूळ आले तर आणखी वाफवावे.

झाकण उघडे का ठेवायचे? अंड्याचा पांढरा भाग 60 अंशांच्या सुमारास गोठू लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला 80 अंश लागतात. पिवळा बलक 65 ते 70 अंशांत घट्ट होतो. वाफ पूर्ण कोंडली तर उष्णता 100 अंशांपर्यंत जाते, मिश्रणाच्या आत बुडबुडे होतात आणि पदार्थ स्पंजासारखा सच्छिद्र होऊन पाणी सोडतो. जपानी सासू नव्या सुनेची परीक्षा अशा छिद्रांवरून घेत असेल तर नवल नाही!

भातावर आणि सारात

जपानचे मुख्य अन्न भात. तोही आपल्या इंद्रायणीसारखा, किंबहुना त्याहून चिकट. त्यामुळे अंडे भातावर आले यात आश्चर्य नाही.

'ओयाकोदोन' या पदार्थाचे नाव मोठे गमतीचे आहे. 'ओया' म्हणजे आईबाप, 'को' म्हणजे लेकरू आणि 'दोन' म्हणजे भाताचा वाडगा. एकाच वाडग्यात कोंबडी आणि तिचे अंडे! 1891 च्या सुमारास टोकियोतील कोंबडीच्या पदार्थांच्या एका खानावळीत तो सुरू झाला असे सांगतात. कोंबडीऐवजी गाईचे किंवा डुकराचे मांस घातले की त्याचे नाव 'परक्यांचा वाडगा' होते, कारण मांसाचे आणि अंड्याचे नाते उरत नाही.

घरी करण्यासाठी एक वाटी अळणी पाण्यात दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा साखर आणि उभा चिरलेला मोठा कांदा घालून उकळावे. त्यात पाव किलो कोंबडीचे बिनहाडाचे लहान तुकडे शिजवून घ्यावेत. मग तीन अंडी हलकेच मोडून वरून ओतावीत आणि झाकण ठेवावे. जपानी लोक अंडे अर्धवट ओले ठेवतात. आपण ते पूर्ण बसेपर्यंत थांबावे. चार माणसांच्या गरम भातावर रसासह वाढावे. मसाला नाही, फोडणी नाही, तरी मुले आवडीने खातात.

सगळ्यांत काटकसरीचा प्रकार म्हणजे 'काकितामाजिरू', अंड्याचे सार. यात एका अंड्यात चार वाट्या होतात. चार वाट्या अळणी पाणी मीठ व थोडा सोया सॉस घालून उकळावे. एक लहान चमचा मक्याचे किंवा बटाट्याचे सत्त्व थंड पाण्यात कालवून त्यात सोडावे. सार किंचित दाटले आणि खळखळू लागले की मोडलेले अंडे बारीक धारेने गोल फिरवत ओतावे. लगेच ढवळू नये. अर्ध्या मिनिटाने एकदाच हलवावे. आधी सत्त्व घातल्यामुळे अंड्याचे धागे तळाशी न बसता तरंगतात. वर कांद्याची पात घालावी. घरात कोणी तापाने फणफणले असेल तर जपानी आई भाताच्या मऊ पेजेत असेच अंडे मोडून शिजवते.

दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर तर अंड्याची जोडी कारल्याशी जमली आहे. 'गोया चांपुरू' हा तेथील घरोघरचा पदार्थ. कारल्याचे पातळ काप मीठ लावून ठेवायचे, पाणी पिळून काढायचे, मग सोयाबीनच्या दुधाचे पनीर, म्हणजे टोफू, आणि डुकराच्या मांसाबरोबर मोठ्या आचेवर परतायचे. उतरवताना अंडे फोडून सगळ्यावर ओतायचे. अंड्यामुळे कडूपणा सौम्य होतो. कारल्याला मीठ लावून पिळण्याची युक्ती आपल्या आज्यांनाही ठाऊक आहे. मांस नको असेल तर ते वगळून करावे.

कच्चे अंडे : नक्कल नको, शिस्त घ्यावी

जपानी घरातली सर्वांत प्रसिद्ध न्याहारी मात्र मी येथे मुद्दाम शेवटी ठेवली आहे. गरम भाताच्या वाडग्यात कच्चे अंडे फोडायचे, चार थेंब सोया सॉस घालायचा, काड्यांनी कालवायचे आणि खायचे. याला 'तामागो काके गोहान' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील पत्रकार किशिदा गिंको यांनी ही न्याहारी लोकप्रिय केली असे मानतात. आज ती गरीब-श्रीमंत सर्वांच्या घरी होते.

आपण मात्र ती करू नये. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात गेले तर जुलाब, उलट्या, ताप सुरू होतो. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल तर जिवावर बेतू शकते. जपानमध्येही 1989 नंतर अंड्यांतून होणाऱ्या अशा विषबाधा खूप वाढल्या होत्या. त्यावर तेथे कच्चे अंडे खाण्याची सवय सोडली नाही, तर खुराड्यापासून पानापर्यंतची वाट स्वच्छ केली. पिलांची तपासणी, लसीकरण, उंदरांचा बंदोबस्त हे फार्मवर सुरू झाले. प्रतवारी केंद्रात अंडी धुऊन निर्जंतुक करतात, उजेडापुढे धरून तपासतात आणि तडा गेलेले अंडे बाजूला काढतात. 1999 पासून कवचाच्या अंड्यांवरही मुदतीची तारीख छापणे सक्तीचे झाले.

ही तारीख 'इतक्या दिवसांपर्यंत कच्चे खाता येईल' अशा अर्थाची असते. तिच्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. अंडे घातल्यापासून उन्हाळ्यात 16 दिवस, वसंत व शरद ऋतूत 25 दिवस आणि कडक थंडीत 57 दिवस, अशी मर्यादा धरतात. यात घरी आणल्यावर अंडे शीतकपाटात ठेवले आहे असे गृहीत असते. प्रत्यक्षात बहुतेक केंद्रे वर्षभर दोन आठवड्यांच्या आसपासचीच तारीख टाकतात. तारीख उलटली की अंडे फेकत नाहीत, नीट शिजवून खातात. उन्हाळ्यात हेच आयुष्य थंडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते, ही गोष्ट आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

धुण्याचेही असेच आहे. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. थंड पाण्यात बुडवले तर आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून जपानी केंद्रांत धुण्याचे पाणी 30 अंशांच्या वर आणि अंड्यापेक्षा निदान 5 अंश गरम ठेवतात. आपल्या घरी ही सोय नसते. तेव्हा अंडी हौदाच्या गार पाण्यात धुऊन टोपलीत भरून ठेवणे हा उलटा उद्योग आहे. घरट्यात कोरडा पेंढा वरचेवर बदलावा, अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत, चिकटलेली घाण कोरड्या फडक्याने पुसावी आणि टोपली चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवावी. अंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि आपल्या घरी अंडे नेहमी पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवूनच खावे. गावरान अंडे आहे म्हणून त्याला या नियमातून सूट नाही.

नाण्याची दुसरी बाजू

जपानच्या या व्यवस्थेला एक किंमत मोजावी लागली. एके काळी लाखो शेतकऱ्यांच्या अंगणात असलेल्या कोंबड्या नाहीशा झाल्या. आज साऱ्या देशात अंडी उत्पादन करणारी केंद्रे दोन हजारांच्या आत आहेत. अंडी जवळजवळ सगळी देशातच होतात, पण कोंबड्यांना लागणारा मका बहुतांशी परदेशातून येतो. 2022-23 च्या हंगामात बर्ड फ्लूची साथ आली आणि सुमारे 1 कोटी 70 लाख पक्षी नष्ट करावे लागले. 2023 च्या वसंतात टोकियोतील घाऊक भाव किलोला 350 येनपर्यंत चढला. अनेक उपाहारगृहांनी अंड्याचे पदार्थ काही काळ बंद ठेवले. वर्षानुवर्षांचा गुणी विद्यार्थी एकदम नापास झाला! रोजच्या डब्यातली पिवळी वडी किती मोलाची होती, हे तेव्हा घरोघरी जाणवले.

आपल्या दारात अजून कोंबडी आहे, ही या दृष्टीने मोठी दौलत म्हटली पाहिजे. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. शिवाय वाढत्या मुलांना लागणारी जीवनसत्त्वे मिळतात ती वेगळीच.

अंडी विकू नका, असे माझे सांगणे नाही. संसाराला रोख पैसा लागतोच. पण बाजाराची टोपली भरताना आठवड्याला चार-पाच अंडी आधी बाजूला काढावीत. दोन अंड्यांच्या चार वाट्या वाफवाव्यात, एका अंड्याचे चार वाट्या सार करावे, जमेल तेव्हा मुलांच्या डब्यासाठी पोळी गुंडाळावी. दोन अंड्यांत सहा माणसांचे पोट भरणार नाही हे खरे, पण सहाही पानांत अंडे नक्की पोहोचेल. वाढताना पहिली वाटी लहान मुलाची, दुसरी गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सुनेची आणि तिसरी म्हाताऱ्या माणसाची. आणि कोंबड्यांची उस्तवार करणाऱ्या घरधनिणीने आपली वाटी शेवटी उरली तर घेऊ, असे म्हणू नये. तीही आधीच मोजून ठेवावी.